लोहा ते शिरड शहापूर : दोघांची पदयात्रा

साधू-साध्वींचा विहार पाहत वाढलेल्या जैन कुटुंबांना पायी चालण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. परंतु विहार करणाऱ्या महाराजांना गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवणे वेगळे आणि दुकान-संसार सांभाळणाऱ्या पती-पत्नीने स्वतः सुमारे ९० किलोमीटर चालणे वेगळे. नांदेड जिल्ह्यातील लोहा येथील, साठीला आलेल्या एका व्यापारी दांपत्याने हा अनुभव घेतला.

संकल्प साधा होता. नांदेड, वसमत मार्गे शिरड शहापूर या अतिशय क्षेत्री श्री मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनास पायी जायचे आणि दोघांनी मिळून चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे बाजारपेठेतील स्नेह्यांनी गोशाळेस कडब्याच्या २० पेंढ्या द्यायच्या. चातुर्मासात प्रवास नको, म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस ठरले.

सराव भाद्रपदापासून लोहा-कंधार रस्त्यावर सुरू झाला. ईर्यासमितीचे भान ठेवून, उजाडल्यावरच, पायांखालची जमीन पाहत चालायचे. प्रारंभी ३ किलोमीटर, मग दर आठवड्याला दोनाची भर. पती झपाट्याने पुढे जात, सावलीत थांबत आणि पत्नी पोहोचताच पुन्हा निघत. विसावा त्यांना मिळे, तिला नाही. हे तिने एके दिवशी बोलून दाखवले, तेव्हापासून ती पुढे आणि ते मागे असा क्रम ठरला. ज्या दिवशी राष्ट्रकूटकालीन परंपरा सांगणाऱ्या कंधारच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक दोघांना एकाच वेळी दिसला, त्या दिवशी तयारी पूर्ण झाली.

मार्गशीर्षातील कोवळ्या उन्हात पदयात्रा निघाली. दुतर्फा काळ्या रानात ज्वारी आणि हरभरा डोलत होता. सोनखेड मागे पडले. विष्णुपुरीला गोदावरीचे विस्तीर्ण जलाशय दिसले. उकळून गार केलेले पाणी सोबत असे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून मुक्काम होई.

तिसऱ्या दिवशी, नांदेड सोडल्यावर पत्नीच्या टाचेवरचा फोड फुटला. पाऊल टेकवेना. ओळखीच्या टेम्पोतून ती ४ किलोमीटर पुढे गेली. पती पायी आले. पट्टी बांधून, दुपारच्या विश्रांतीनंतर तिने पुन्हा चालायला सुरुवात केली. हळदीच्या बाजारपेठेमुळे प्रसिद्ध असलेले वसमत ओलांडून पाचव्या दिवशी दोघे भगवंतांसमोर उभे राहिले, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

लोह्यातील स्नेह्यांनी दूरध्वनीवरून अभिनंदन केले आणि पूर्ण अंतराच्या पेंढ्या देण्याचे सांगितले. चार किलोमीटरचा हिशेब कोण विचारणार होते? पत्नी म्हणाली, “अहो, जे चाललो नाही ते वहीत कसे मांडायचे?” पतींनी उभी हयात वह्या लिहिल्या होत्या, त्यांना उत्तर सुचले नाही.

परतीच्या प्रवासात दोघे त्याच ठिकाणी बसमधून उतरले आणि राहिलेले चार किलोमीटर सावकाश चालले. पती तेवढे अंतर दुसऱ्यांदा चालत होते. या वेळी ते मागेही नव्हते, पुढेही नव्हते.

घरी आल्यावर वहीत ९० किलोमीटर आणि १,८०० पेंढ्या अशी नोंद झाली. दानाची रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या नोंदीतला एकही आकडा उसना नव्हता.