दिसत तर नाही काही!

डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग मला नाही. एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याची गोष्ट फारशी इंटरेस्टिंग नाहीये (पाऊस, बाईक, टेम्पो... संपली). इंटरेस्टिंग आहे ते त्यानंतरचं. फुल पँट आणि बूट चढवले की मी चारचौघांसारखा दिसतो. चालताना किंचित लंगडतो, पण मुंबईच्या गर्दीत कोण कुणाच्या चालीकडे बघतंय!

हे सुख आहे असं सगळ्यांना वाटतं. आहेच थोडंफार. लग्नकार्यात कुणी 'अरेरे' करत नाही. इंटरव्ह्यूला समोरच्याचं लक्ष रेझ्युमेवरच राहतं. पण या सुखाचं बिल आठवड्यातले पाच दिवस येतं, सकाळी साडेआठच्या सुमारास, डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर.

मी डोंबिवलीहून ठाण्याला येतो आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही केला त्यांनी करूही नये. :) गर्दीत उभं राहायला माझी हरकत नसते, अडचण आहे ती वेगळी. कृत्रिम पाय सॉकेटमध्ये बसतो, आणि उरलेला पाय त्या सॉकेटमध्ये घामाने, दाबाने सुजतो, सोलवटतो. शिवाय त्या पावलाला स्पर्श कळत नाही. फूटबोर्डवर माझं पाऊल नीट टेकलंय की अर्धं बाहेर आहे, हे मला खाली बघूनच समजतं. मागून दोनशे माणसं ढकलत असताना खाली बघायची सोय नसते. म्हणून मी आपला हँडिकॅपच्या डब्यात चढतो. (सरकारी शब्द आता 'दिव्यांग' आहे, पण प्लॅटफॉर्मवर अजून सगळे 'हँडिकॅपचा डबा'च म्हणतात.)

हा डबा म्हणजे लोकलमधला एक छोटासा कप्पा. प्लॅटफॉर्मवर तो जिथे येतो तिथे व्हीलचेअरचं चित्र असतं आणि दृष्टिहीन प्रवाशांसाठी बीप-बीप वाजणारं यंत्र. अपंग प्रवाशांबरोबर कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकांनाही तिथे परवानगी आहे. आणि अर्थातच, परवानगी नसलेले कित्येक जण रोज चढतात. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ प्रमाणे राखीव डब्यात घुसल्याबद्दल पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, पण त्या गर्दीत तो घ्यायला रोज कोण येणार?

तर होतं असं:

"ओ, हँडिकॅपचा डबा आहे हा."

"माहीत आहे."

"मग? धडधाकट तर दिसताय! उतरा पुढच्या स्टेशनला."

कधी हेच हिंदीत येतं, "ए हिरो, दिखता नहीं क्या?" कधी नुसतीच नजर, वरून खाली आणि खालून वर. आणि मग ते वाक्य, जे मी इतक्यांदा ऐकलंय की टी-शर्टवर छापून घ्यावं असं वाटतं: "दिसत तर नाही काही!"

आता गंमत बघा. हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः अपंग असतो, आणि त्याचा राग खोटा नसतो. कुबड्या सांभाळत तो उभा असतो आणि सीटवर कॉलेजची धडधाकट पोरं मोबाईलवर पिक्चर बघत बसलेली असतात, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. त्यामुळे त्याने स्वतःपुरता एक फिल्टर बनवलाय: जो धडधाकट दिसतो तो घुसखोर. आमच्या धंद्यात याला फॉल्स पॉझिटिव्हचा प्रॉब्लेम म्हणतात. सिस्टिमने चोर पकडायचा आणि पकडला घरमालक. फिल्टर लावणाऱ्याचं लक्ष सुटलेल्या चोरांवर असतं. चुकून पकडलेल्या घरमालकाची तक्रार कुठल्याच लॉगमध्ये जात नाही.

आणि फिल्टर मुळातच चुकीच्या गोष्टीवर लावलाय, डोळ्यांना काय दिसतं यावर. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात एकवीस झाले. जरा यादी बघा: थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार, ऑटिझम, श्रवणदोष. यातलं डोंबिवली ते ठाणे या प्रवासात कुणाला काय दिसणार आहे? हिमोफिलियाचा पेशंट बाहेरून अगदी पैलवान असू शकतो, आणि गर्दीत गुडघा आपटला तर आत रक्तस्राव होऊन तो आठवडाभर अंथरुणात.

बरं, मग दिसणारं अपंगत्व असलं की प्रश्न मिटतो का? मलाही आधी वाटायचं की व्हीलचेअरवर बसलेल्याला निदान कोणी पुरावा मागणार नाही. पण पणजीचं उदाहरण आठवा. सलील चतुर्वेदी हे लेखक व्हीलचेअर वापरतात. २०१६ मध्ये तिथल्या एका मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीत चालू असताना ते उभे राहिले नाहीत (कसे राहणार?) म्हणून मागच्या एका जोडप्याने त्यांना मारलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचं केलं, आणि डिसेंबरमध्ये स्पष्टही केलं की ज्यांना उभं राहणं शक्य नाही अशा अपंग व्यक्तींनी उभं राहायची गरज नाही. तरीही २०१७ मध्ये गुवाहाटीत अरमान अली यांच्या बाबतीत असंच घडलं. तेही व्हीलचेअर वापरतात, अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात. मागून त्यांना 'पाकिस्तानी' म्हणून शेरा ऐकावा लागला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ती सक्तीच काढून टाकली.

म्हणजे डब्यात मी पुरेसा अपंग दिसत नाही म्हणून गुन्हेगार, आणि थिएटरात माणूस सगळ्यांसारखा उभा राहत नाही म्हणून गुन्हेगार. दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. अनोळखी माणसाच्या शरीराचा हिशोब मागायचा आपल्याला हक्क आहे, असं लोक धरून चालतात.

हक्क असतो तो ज्याचं कामच तपासणी आहे त्याला, आणि त्यालाही पद्धत सोडून चालत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकला होता, की प्रत्येक वेळी विमानतळावर त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात. एवढी प्रसिद्ध नर्तिका, स्वतःच्याच आयुष्यावरच्या सिनेमात काम केलेली बाई! त्यानंतर सीआयएसएफने माफी मागितली. तिथे निदान माफी मागायला एक संस्था तरी होती. डब्यातल्या गर्दीच्या वतीने कोण मागणार?

असो. आता कामाचं बोलू. गेल्या कित्येक वर्षांत मी या प्रश्नाला तीन उत्तरं टेस्ट केलीत. रिझल्ट देतो.

उत्तर एक: पँट वर करून पाय दाखवणे. रिस्पॉन्स टाइम एकदम भारी. एका सेकंदात शांतता. पण मग सगळा डबा बघायला लागतो, 'कसं झालं हो?'पासून 'देवाची मर्जी'पर्यंत सगळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणूस, परत तेच. आमच्या भाषेत, सोल्युशन स्केल होत नाही. खरी अडचण तर याहून मोठी आहे. मी पाय दाखवला की 'दाखवण्याजोगं' काही असेल त्यालाच इथे जागा, हा नियम पक्का होतो. माझ्यानंतर चढणारी थॅलेसेमियाची मुलगी काय दाखवणार? म्हणून माझं ठरलंय, अनोळखी माणसाला पाय दाखवायचा नाही.

उत्तर दोन: कायदा सांगणे. कलम, उपकलम, एकवीस प्रकार... सकाळी साडेआठला हे ऐकायचा मूड कुणाचाच नसतो. आवाज चढतात, आणि मग विषय कायद्याचा राहत नाही, कोण माघार घेतो याचा होतो.

उत्तर तीन, जे मी सध्या वापरतो: "माझ्याकडे कार्ड आहे. टीसी आला की त्याला दाखवीन. तुम्हाला शंका असेल तर १३९ ला फोन करा." हळू आवाजात, एकदाच. मग खिडकीबाहेर बघायचं. दहातल्या आठ वेळा चालतं. कारण यात समोरच्याचा अपमान नाही. तो बरोबर असेल तर त्याला रस्ता दिलाय, आणि चूक असेल तर गप्प बसायची सोय.

उरलेल्या दोन वेळा काय? एकदा एकाने माझी बॅग खेचली, तीही गाडी चालू असताना आणि मी दाराजवळ असताना. तिथे माझा नियम साधा आहे. दारात वाद घालायचा नाही. आत सरकायचं, नाही जमलं तर पुढच्या स्टेशनला उतरायचं. लेट मार्क लागला तर लागला. उतरल्यावर मात्र वेळ, गाडी, डबा, माणसाचं वर्णन सगळं मोबाईलवर लिहून ठेवायचं. कारण २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे चारचौघांत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणं, धमकावणं किंवा अपमान करण्याच्या हेतूने अंगावर हात टाकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. हे कलम भांडताना तोंडावर फेकायचं नसतं, नंतर तक्रारीत लिहायचं असतं. तक्रारीला तपशील लागतात, आणि रागाच्या भरात तपशील पहिले जातात.

पण खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग तिसऱ्या माणसाचा होतो.

एकदा असाच वाद रंगात आला होता. समोरच्या सीटवर पांढरी काठी घेतलेले एक काका बसले होते, साठीचे असतील. ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्याचा डावा पाय खोटा आहे. चढला तेव्हाच ऐकलं मी. दोन पावलांचा आवाज वेगळा येतो." डब्यात दोन सेकंद कुणीच बोललं नाही. मग विचारणारा गृहस्थच हसला, मीही हसलो. त्यानंतर कित्येक महिने तो मला "या, साहेब" म्हणून जागा करून द्यायचा. एवढ्या डोळस माणसांत माझा पाय फक्त त्या काकांना 'दिसला' होता!

मोठं उदाहरण हवं असेल तर रांचीचं घ्या. मे २०२२ मध्ये तिथल्या विमानतळावर एका अपंग मुलाला एका विमान कंपनीने विमानात चढू दिलं नाही. मूल घाबरलेलं, आईवडील विनवतायत. त्या वेळी तिथले इतर प्रवासी त्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले, त्यात काही डॉक्टरही होते. त्यांनी प्रवासात मदत करायची तयारी दाखवली. कंपनीने ऐकलं नाही ते नाहीच. पण त्यातल्याच एका प्रवासी बाईंनी सगळं लिहून जाहीर केलं, चौकशी झाली, डीजीसीएने कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि पुढे नियमही बदलले. आता कुणाची तब्येत बिघडेल अशी शंका आली तर कंपनीने आधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. मनाला वाटलं म्हणून नकार द्यायचा नाही.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक जण त्या तिसऱ्या माणसाच्या जागी कधी ना कधी असणार. तेव्हा दोनच गोष्टी सुचवतो. एक, हल्ला करणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. ज्याच्यावर हल्ला होतोय त्याच्याशी बोला. शेजारी जाऊन उभे राहा आणि विचारा, "मी थांबू का तुमच्याबरोबर?" भांडणात उडी घेतली की ते तुमचं भांडण होतं, आणि ज्याच्यासाठी घेतली तो बाजूला पडतो. दोन, त्याच्या वतीने पुरावा देऊ नका. "अहो, खरंच अपंग आहे तो बिचारा" हे ऐकायला वाईट वाटतं हो. माझ्या पायाची माहिती मी कुणाला द्यायची ते मला ठरवू दे. (पांढऱ्या काठीवाल्या काकांना या नियमातून सूट आहे. त्यांचा अधिकार वेगळा. :) )

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग माणसं होती, तीही जुन्या, छोट्या यादीप्रमाणे मोजलेली. म्हणजे तुमच्या डब्यात, रांगेत, लिफ्टमध्ये कुणीतरी असणारच. दिसेलच असं नाही.

सोमवारी ठाण्याच्या पुलावर तुमच्या पुढे कुणी हळू चालत असेल तर "चलो चलो" करू नका एवढंच. मी असेन. किंवा माझ्यासारखा दुसरा कोणीतरी.