सटवीचा कागद

लेकरू झालं, आता तुझी कविता सुटली, असं मला तिघांनी तोंडावर सांगितलं. त्यातला एक जण स्वतः कवी आहे. त्याला तीन लेकरं आहेत. त्याची कविता सुटली नाही.

चौथ्यानं जरा गोड विचारलं. म्हणाला, आता लेकराकडं बघून छान छान सुचत असेल, नाही का? मी गप बसले. सुचतं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय लेकरू पाजायचं होतं. पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. बाळंतपणापासून आजपर्यंत मला काय काय सापडलं, कशानं लिहावं वाटलं, ते लिहून टाकते. सलग लिहिलेलं नाही. जसं जमलं तसं लिहिलंय, तसंच वाचा.

माझी पोरगी भादव्यात झाली. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलो. घर म्हणजे माझ्या आजीचं. माय मी सातवीत असताना गेली, तेव्हाच माझी शाळा सुटली आणि मी सेलूच्या एका जिनिंगात बायांच्या मागं जायला लागले. पुढचं सगळं वाचन रद्दीतून, जयंतीच्या पुस्तकांच्या गाड्यांवरून, नंतर मोबाईलवरून. तर बाळंतपण आजीनं केलं. शेगडी, शेक, बाळंतकाढा, डिंक-खोबरं, जे झेपलं ते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बघते तर आजीनं पाट मांडलेला. पाटावर ज्वारीचे दाणे, हळदी-कुंकू, दिवा, आणि एक कोरा कागद. कागदावर माझाच बॉलपेन. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली सटवीची पूजा! मी म्हणाले, "आजी, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना? सटवी कुठून आली?"

आजी म्हणाली, "प्रतिज्ञा मव्ह्या बी पाठ हायेत. पर तुह्या मायच्या पाचवीला कागद नव्हता ठिवला. बघितलं ना तिचं काय झालं ते."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे माय १९७८ ची, हे माहीत होतं. ती नामांतराच्या दंगलीतली, हेही ऐकलेलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला आणि पेटल्या इकडच्या वस्त्या. परभणी जिल्ह्यातल्या, नांदेड जिल्ह्यातल्या. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही विस्तार करून. हे मी भाषणांत ऐकलं होतं. कवितेतही घातलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. पण आजीनं त्या पाचवीला पाटाशी बसून जे सांगितलं ते कुठल्याच भाषणात नव्हतं.

"वाडा पेटला तव्हा मला कळा सुटलेल्या. तुह्या आज्यानं उचललं आन् ज्वारीत नेऊन टाकलं. ज्वारी कमरंएवढी. बसलं तर झाकती, उभं राह्यलं तर दिसती. म्हून उभं राहायचं नाय. वरून पाऊस. वरडायचं बी नाय. पदर तोंडात कोंबला. नाळ खुरप्यानं कापली. पाचव्या दिशी आमी दुसऱ्याच गावाला, कुणाच्या तरी गोठ्यात. तिथं कुठला कागद आन् कुठली लेखणी? सटवी आली आसंल, तिला लिवायला काय घावलंच नाय. कोरी राह्यली मही लेक."

एवढं बोलून तिनं दिव्यात तेल घातलं. मी मग काही बोलले नाही. सटवी खोटी आहे हे मला माहीत आहे. पण आजी इतकी वर्षं स्वतःला दोष देत होती. पेटवणाऱ्यांना नाही, कागद ठेवला नाही म्हणून स्वतःला. ती पाट मांडत होती तो याच्यापायी. तिला बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

त्या रात्री पत्र्यावर पाऊस. पोरगी दर दीड तासाला उठायची. तिसऱ्यांदा पाजून निजवलं, दिवा चालूच होता, पाटावर तो कोरा कागद. मला राग आला. सटवीचा नाही. हे कुणीतरी येऊन लिहून जाणार आणि आपण नुसता कागद पुरवायचा, याचा राग. मी हात लांब केला, पेन घेतला आणि लिहिलं. दोनच ओळी. बाळंतपणानंतरचं माझं पहिलं लिखाण ते. कागद पुन्हा होता तसा ठेवला आणि झोपले.

सकाळी आजीनं कागद उचलला. तिला वाचता येत नाही. पण लिहिलेलं आणि कोरं एवढं कळतं. ती नुसती बघत राहिली. मग कागद कपाळाला लावला, घडी केली आणि बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवला. दिवसभर तिचा चेहरा असा, की मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. मला सांगायचं होतं आणि सांगता येईना.

त्याच सव्वा महिन्यात मला मुक्ता साळवे सापडली. म्हणजे पुस्तिका आधीच घरात होती, परभणीला १४ एप्रिलच्या गर्दीत एका गाड्यावरून घेतलेली, न वाचता ठेवलेली. शेगडीजवळ पडल्यापडल्या वाचली. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध दोन भागांत आला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यातलं धर्माचं, वेदांचं, इमारतीच्या पायात माणसं पुरण्याचं लोक सांगतात. पण तिनं बाळंतिणींचं लिहिलंय. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-वाऱ्यात त्यांचे हाल होतात, त्यात आजार झाला तर वैद्याला, औषधाला पैसा कुठून आणायचा, आणि फुकट औषध देणारा कोण वैद्य होता, असं तिनं विचारलंय. शाळेत जाणारी पोर. तिला धर्माबद्दल बोलायचं होतं तरी ती बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर आहे का तेही बघते.

१८५५ ला छप्पर नाही. १९७८ ला आजीच्या डोक्यावर होतं, ते पेटवलं. माझ्या डोक्यावर पत्रा आहे. म्हणजे सुधारणा आहे, नाही असं मी म्हणत नाही.

पोरीचं नाव तेव्हाच ठरलं. मुक्ता. गल्लीतल्या बायांना वाटलं ज्ञानेश्वराची बहीण. वाटू दे.

मग बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुन्हा काढलं. पुस्तक १९८६ चं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लेकरू नव्हतं, म्हणून त्यातल्या उपाशी बाळंतिणी मी भराभर उलटून गेले होते. आता उलटता येईनात. त्या फलटणला छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायचे कागद वाचायच्या, आणि लिहिलेलं घरात लपवून ठेवायच्या, कितीतरी वर्षं. मला हे वाचून भारी वाटलं. लपवून लिहिलं तरी ते लिहिलेलंच असतं.

आणि सोयराबाई. कीर्तनात सांगतात ती कथा: चोखोबा घरी नव्हते, सोयराला कळा लागल्या, तर विठ्ठल नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं तिचं बाळंतपण केलं. लहानपणी ऐकून मी रडले होते. आता विचार येतो की देव तिच्या घरी आला खरा, पण तीच बाळंतीण लेकरू घेऊन पंढरपूरला गेली असती तर तिला पायरीपुढं जाऊ दिलं असतं का? ते दार उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपास करावा लागला. त्या बाळंतपणातला पोरगा कर्ममेळा. त्यानं मोठा होऊन अभंगातून देवाला जाबच विचारलाय. विठ्ठलानं ज्याची नाळ कापली तोच उलटून बोलला. मला आवडलं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मला कानानं सापडली. लेकरू मांडीवर असलं की पुस्तक धरता येत नाही, पान उलटलं की ते जागं होतं. म्हणून मोबाईलला वायर लावून जात्यावरच्या ओव्या ऐकायला लागले. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या दोघांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, बाया सांगतील तशा. त्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या १९९६ साली टेप केल्या, बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या. माजलगाव म्हणजे पाथरी ओलांडली की आलंच. आपल्याच बाया, आपलंच बोलणं. मी कवितेसाठी मुंबईकडं तोंड करून बसले होते आणि ओवी माझ्या पाठीमागं जात्यावर बसलेली.

ऐकता ऐकता एक कळलं. ओवी ही हात मोकळे नसलेल्या माणसाची कविता आहे. एक हात जात्याच्या खुंट्यावर, दुसरा दाणे टाकायला. कागद धरायला हात नाहीच. म्हणून दोन ओळी, म्हणून यमक, म्हणजे दळण होईपर्यंत डोक्यात टिकेल. आपल्या गंगाखेडची जनाबाई, दुसऱ्याच्या घरची दासी, दळता-कांडताच रचायची की. मी आधी लांब लांब कविता लिहायचे. सूर्य, मशाल, ज्वालामुखी. ज्वालामुखी मी कधी पाहिला नाही. चार चार पानं लिहायला एक रात्र लागते, आणि रात्र आता माझी नाही. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, हातात भाकरीचं पीठ, आणि डोक्यात दोन ओळी. एवढंच मावतं. पण मावतं.

दिवाळीनंतर हंगाम लागला आणि मी जिनिंगात परत गेले. पोरगी अडीच महिन्यांची. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतिणीच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूनं बोलले होते. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ ला देशाचा, २०१७ ला बारा आठवड्यांचे सव्वीस आठवडे केले. हे मी ठेकेदाराला सांगितलं. तो ऐकून घेतो, तसा वाईट माणूस नाही. म्हणाला, "ताई, तुमचं नाव कुठंय?" त्याच्या वहीत आमच्या नावांच्या जागी रेघा असतात. एक बाई, एक रेघ. रेघेला बाळंतपण येत नाही.

कापूस जिनात लोटायचा, त्याआधी त्यातली कवडी, पालापाचोळा, सुतळ्या वेचायच्या. रुई पुढं पडते, सरकी खाली. दहा वाजता माझं पोलकं भिजतं. पोरगी घरी आजीजवळ वाटीतलं दूध पिते आणि माझं दूध पदराखाली वाहून जातं. सरकी म्हशीला घालतात, दूध वाढतं म्हणून. सरकीच्या ढिगाशेजारी उभी राहून मी हे रोज बघते. यावर अजून कविता झाली नाही. तीनदा धरली, तीनदा सुटली. नुसतं सांगितलं तरी तेच पुरेसं होतं, वर कविता कशाला, असं वाटतं.

संध्याकाळी घरी आलं की आधी न्हाणीत. केसात, भुवयांत, कानात रुई. एकदा तशीच पाजायला घेतली तर पोरीच्या जिभेवर पांढरा तंतू. बोटानं काढला. त्या दिवसापासून कितीही रडली तरी आधी आंघोळ. ती रडते, मी पाणी ओतते, आजी बाहेरून मला शिव्या देते.

पौषात एका रात्री पोरगी काही केल्या झोपेना. आजी झोळीशी बसलेली. अचानक म्हणाली, "फोटोमागचा तेवढा कागद काढ बरं. वाच. पोरीच्या कपाळी काय लिवलंय त्ये मला कळू दे. मव्हं आता काय खरं नाय."

माझ्या पोटात गोळा आला. कागद काढला. खोटं काहीतरी वाचता आलं असतं. पोरगी लई शिकंल, कलेक्टर होईल. आजी सुखानं झोपली असती. पण लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरं, हे मला होईना. आपल्याला शेकडो वर्षं असंच तर वाचून दाखवलं. मी जे होतं ते वाचलं:

सरकी ग एकीकडं, रुई निघती एकीकडं
माझ्या लेकीचं कपाळ, कोरं ठेवा माझ्याकडं

आजी दोरी ओढायची थांबली. बराच वेळ काही नाही. पोरगीही गप.

"सटवीला जिनिंगातलं काय कळतंय?" आजी म्हणाली.

मी खाली बघितलं.

"तूच लिवलं."

"हां."

"कोरं ठेवा म्हन्तीस." परत गप. मग दोरी एकदा ओढून बघितली, ओठातल्या ओठात पुटपुटली, परत ओढली. "पह्यल्या वळीत एक शबुद जास्ती झालाय. निघती काढून टाक. जातं अडतंय तिथं."

मी पेन घेतला आणि 'निघती' खोडला. तिनं मग चालीवर म्हणून बघितली, झोळीच्या हिसक्यावर, दोनदा. नीट बसली. म्हणाली, "आता लिव. दुसरी मी सांगते."