जुन्या ट्रकांच्या रांगेत

जुन्या गाड्यांचे प्रदर्शन म्हटले की लोक राजेरजवाड्यांच्या मोटारी पाहायला धावतात. मुंबईत नुकत्याच भरलेल्या अशा एका प्रदर्शनाला आम्ही सहकुटुंब गेलो ते मात्र मैदानाच्या मागच्या अंगाला उभ्या केलेल्या ट्रकांसाठी. तिकडे गर्दी कमी, त्यामुळे मुलांना मनसोक्त पाहता आले.

पहिलाच ट्रक शेवरोलेटचा. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाडी इथल्या कामगारांच्या हातून उभी राहायची. लाकडी फळ्यांचा हौदा, आणि इंजिन पुढून हँडल मारून चालू करायचे. हँडल उलटे फिरले तर हाड मोडायचे. म्हणून अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हे तिथल्या वयस्क मिस्त्रींनी मुलांना करून दाखविले.

शेजारी फार्गो. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो हे ट्रक तयार होत. माल एकच, नावाची पट्टी वेगळी! त्यापुढे टाटा-मर्सिडीज. १९५४ साली जर्मन कंपनीशी करार होऊन हे ट्रक जमशेदपूरला निघू लागले. करार १९६९ पर्यंत चालला, तोवर टाटाच्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. रंग मात्र इतका चकचकीत दिला होता, की असा ट्रक रस्त्यावर कधी कुणी पाहिला नसेल. जुनी अक्षरेही त्याखाली गेली. हे आम्हांला रुचले नाही.

आमच्या आत्या या ट्रकापाशी बराच वेळ उभ्या होत्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून दादरच्या चौपाटीकडे निघाली, ती फुलांनी सजविलेल्या ट्रकवरून. आत्या तेव्हा अकरा वर्षांच्या. "डोकीच डोकी होती. बाबांच्या खांद्यावर बसले तेव्हा फुलं दिसली, गाडी नाहीच दिसली," एवढेच त्या बोलल्या आणि फाळक्यावरून हात फिरवीत राहिल्या. पहारेकरी हटकायला आला, पण मिस्त्रींनी त्याला खुणेनेच थांबविले.

प्रत्येक गाडीपुढे पाटी होती. मालकाचे नाव, साल, इंजिनाची ताकद, सारे काही. गंजलेला पत्रा कापून नवा कुणी बसविला, कमानीचे पाटे कुणी बांधले, याबद्दल अक्षर नाही. आमच्या सौभाग्यवतींनी मिस्त्रींना सरळ विचारले, "दादा, तुमचं नाव कुठंय?"

ते हसले. "आठ महिने खपलो, ताई. पण पाटी मालकाची असते." मग आमच्या मुलाच्या गळ्यातले निळे लॉकेट पाहून हळूच म्हणाले, "जयभीम."

जाताना आयोजकांच्या वहीत आम्ही लिहिले, की पुढच्या वर्षी कारागिरांची आणि जुन्या ड्रायव्हरांची नावेही पाटीवर घालावीत. खाली घरातल्या पाचही जणांनी सह्या केल्या, आत्यांनी अंगठा दिला. तोवर मिस्त्रींनी शेवरोलेटला हँडल घातले होते. तिसऱ्या झटक्याला इंजिनाने पकड घेतली आणि मुले कानांवर हात ठेवून ओरडू लागली.