तोडलेला ऊस वाळतो कुणाच्या खात्यावर?

हंगाम सुरू झाला की आपल्याकडं चर्चा एकाच आकड्याची. पहिली उचल किती? दर महत्त्वाचाच, पण दराला गुणायचं असतं वजनानं. त्या वजनाचं मधल्या वेळात काय होतं, यावर कुणी बोलत नाही.

२०२५-२६ ची एफआरपी टनाला ३५५० रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे टनातून साधारण १०२ किलो साखर. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४.६० रुपये जादा. आणि यातून तोडणी-वाहतूक वजा.

आता रानाकडं बघा. जुलैत लावलेली आडसाली १६ ते १८ महिने सांभाळायची. बाळभरणी, मोठी बांधणी, खताचे डोस, रात्रीच्या लाइटीला पाणी. ऊस उभा असतो तोवर साखर सांभाळून ठेवतो. कोयता लागला की घड्याळ सुरू. कांडं वाळतं, वजन घटतं. आतली साखरही फुटायला लागते, तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि त्याचे दाणे पडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे अजून वेगानं. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावं, असं जाणकार सांगत आलेत.

आणि आपल्याकडं? यार्डात ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत. मिल बंद पडली की ट्रॉल्या तिथंच उन्हात उभ्या. काट्यावर जाईपर्यंत जे वजन उडालं, ते शेतकऱ्याचं गेलं. तोडणीवाल्या जोडप्याचंही गेलं, कारण त्यांची मजुरीही टनावरच. पहाटे थंडीत उठून मोळ्या बांधणाऱ्या त्या बाईला हा हिशेब कुणी सांगत नाही, मुकादमाची उचल मात्र तिच्याच अंगावर असते. काटा झाल्यावर गव्हाणीपुढं ऊस पडून राहिला तर उतारा घसरतो. म्हणजे कारखान्याचाही तोटाच.

गंमत बघा. आपला ऊस पेटला तर जळिताची कपात लगेच होते. यार्डात वाळला तर कपात कुणाची? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. तिथं कायदा दिवस मोजतो. पण १४ दिवस सुरू होतात ऊस पोचल्यानंतर. त्याआधीचे तास मोजायला कुणी नाही.

मागणी साधी आहे. वाहन यार्डात आल्याची वेळ आणि काट्याची वेळ, दोन्ही एकाच पावतीवर छापा. सरासरी किती तास लागतात, ते रोज गेटवरच्या फळ्यावर लिहा. मिल बंद असेल तर तोडणी थांबवायचा निरोप टोळ्यांना वेळेत द्या. यात कुठला मोठा खर्च नाही.

तोवर आपण एक करूया. या वर्षी फडात पहिला कोयता कधी लागला आणि काटा कधी झाला, वहीत लिहून ठेवा. पावतीचा फोटो काढून ठेवा. वार्षिक सभेत नुसत्या दराच्या घोषणा देण्यापेक्षा शंभर सभासदांनी अशा शंभर नोंदी पुढं ठेवल्या, तर उत्तर द्यावंच लागेल.

तुमच्या उसाला किती तास लागले? कमेंटमध्ये लिहा.