चूल, मोरी आणि उकिरडा : पाबळ ते पाटस

पुणे-नगर रस्त्याने शिक्रापूर आले की बहुतेक गाड्या सरळ रांजणगावच्या महागणपतीकडे आणि पुढे घोडनदीकडे धावतात. वाचकहो, तुम्ही मात्र एकदा तिथे डाव्या हाताला पाबळच्या रस्त्याला वळा. फार लांब जायचे नाही. पण त्या वळणाबरोबर उसाचा हिरवा रंग मागे पडत जातो आणि मुरमाड माळ सुरू होतो. शिरूर तालुका म्हटले की लोकांना कारखाने आणि ऊस आठवतो. तालुक्याचा हा पश्चिमेकडचा तुकडा मात्र पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे बघत आला आहे. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही लहरी.

शेतीखात्याच्या नोकरीत माझी बरीच वर्षे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या धुळीत गेली. पर्यावरण हा शब्द सभेत काढला की माणसे तंबाखू मळायला लागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यांचे चुकत नाही. तो शब्द घरातला नाही. चूल, मोरी आणि उकिरडा मात्र घरातले आहेत, म्हणून या प्रवासात आपण तेवढेच पाहू.

पाबळ म्हटले की इतिहासाच्या माणसाला मस्तानीची समाधी आठवते. मला आठवतो तो विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह या माळावर आले आणि १९८३ साली त्यांनी आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुले हाताशी धरून त्यांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, गोठा, रोपवाटिका अशा खऱ्या कामातून विज्ञान शिकवायचे, ही त्यांची रीत. जमिनीखाली पाणी कुठे असेल हे यंत्राने तपासायचे कामही इथली मुले गावोगाव करीत. लोखंडी त्रिकोण जोडून केलेली घुमटासारखी घरे ही पाबळची खूणच झाली. डॉ. कलबाग २००३ साली गेले. त्यांचे काम चालू आहे.

या गावच्या मातीत मला सर्वांत आधी सांगावीशी वाटते ती पन्हाळीची गोष्ट. तुमच्या घरावर पत्रे असतील. समजा छप्पर पाचशे चौरस फुटांचे आहे. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर तेवीस हजार लिटर पाणी पडते. पाचवा भाग उडाला, सांडला असे धरले तरी अठरा हजार लिटर उरते. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज तीस लिटर लागते असे धरा आणि भागाकार करा. सहाशे दिवस! एवढे साठवायला टाकी कुठून आणायची, असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. सगळे साठवायचेच नाही. पाच हजार लिटरची झाकलेली टाकी परतीच्या पावसाने भरून ठेवली, तर ती साडेपाच महिने जाते. म्हणजे ऑक्टोबरची भरलेली टाकी मार्चपर्यंत पुरते. तोवर बोअरचे मचूळ पाणी भांडी-कपड्याला वापरा.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी टाकीत घ्यायचे नाही, कारण छपरावरची धूळ, पाला आणि पाखरांची घाण त्यात असते. आणि टाकीत उजेड व डास दोन्ही जाता कामा नयेत. उजेडाने शेवाळ धरते. मधे एका पिंपात खडी, वाळू आणि कोळसा असे थर भरून त्यातून पाणी गाळून घ्यावे. तरीही पिण्याचे पाणी उकळून घेतलेले बरे.

पाबळहून कान्हूर मेसाईच्या बाजूने पुढे गेलात की मोराची चिंचोली लागते. चिंचेची जुनी झाडे आणि घरांच्या अंगणापर्यंत येणारे मोर. शहरातली माणसे सुटीच्या दिवशी इथे हुरडा-पिठलेभाकरी खायला येतात आणि त्यातून गावातल्या घरांना चार पैसे मिळतात. मोर राहिले ते गावाने त्यांना मारले नाही म्हणून, आणि झाडे राखली म्हणून. पण मोर दाणा टिपतो. औषध चोळलेले उरलेले बी तुम्ही परसदारी टाकले, तर कोंबडीही मरते आणि मोरही. तसेच कीडनाशकाच्या रिकाम्या डब्यांचे. कितीतरी घरांत असा डबा धुऊन त्यात रॉकेल, तेल, क्वचित दूधसुद्धा ठेवलेले मी पाहिले आहे. तो डबा कितीही घासला तरी औषध प्लॅस्टिकमध्ये मुरलेले असते. रिकामा झाला की तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला भोके पाडा. विहिरीच्या काठावर धुऊ नका.

हुरड्याच्या पंगतीवरून आठवले. लग्नाच्या पंगतीला पूर्वी पळसाच्या पत्रावळी असत. मग थर्माकोल आला. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, तरीही मंगल कार्यालयामागच्या ओढ्यात जाऊन बघा. पत्रावळ जनावर खाते किंवा उकिरड्यात कुजते. थर्माकोल गाईच्या पोटात जाऊन बसतो, आणि मग डॉक्टरांना पोट फाडून काढावा लागतो. गावाने मिळून स्टीलची ताटे घेऊन ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. भाडे गावाच्याच फंडात जाते. मला ती सर्वांत पसंत आहे.

मलठण, कवठे येमाईवरून उत्तरेला घोडनदीच्या अंगाला गेलात की पुन्हा ऊस लागतो, आणि उसाबरोबर बिबट्याची भीती. पिंपरखेड-जांबूत भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. त्या घरांचे दुःख मी लेखात वापरू इच्छित नाही. पण उकिरड्याचा आणि बिबट्याचा संबंध सांगितल्यावाचून राहवत नाही. घराजवळ खरकटे, मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानाची घाण पडली की कुत्री वाढतात. आणि कुत्रे हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. उसात त्याला दडायला जागा मिळते आणि वस्तीवर खायला. ऊस काढून टाका असे कोणी म्हणू शकत नाही. पण उकिरडा झाकता येतो. खरकटे जनावराला किंवा खताच्या खड्ड्यात घालून वर मातीचा थर देता येतो, मेलेले जनावर खोल पुरता येते. शौचालय घरातच असावे, म्हणजे अंधारात कोणाला पिकाकडेला बसावे लागणार नाही. एवढ्याने बिबट्या जाईल असे मी म्हणत नाही. पण तो दारापर्यंत यायचे एक कारण तरी कमी होते.

आता दक्षिणेला चला. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमेवरच्या पुलावरून दौंड तालुक्यात उतरतो. पुलावर जरा थांबा. खाली जे पाणी दिसते त्यात मुळा-मुठाही मिसळलेली आहे, म्हणजे पुणे शहराचे सांडपाणीही आहे. उन्हाळ्यात पाणी संथ झाले की जलपर्णीचा गालिचा पसरतो. वरून हिरवे दिसते, खाली मासा गुदमरतो. इथून हेच पाणी पुढे उजनीत जाते. काठावरच्या गावांत पिण्यासाठी पाण्याचे जार विकत आणतात. नदीकाठी राहून पाणी विकत! हा दोष काठावरच्या शेतकऱ्याचा नाही आणि त्याच्या मोरीने तो धुऊन निघणारही नाही. शहराने आपले पाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे, आणि ग्रामपंचायतींनी ते ठासून मागितले पाहिजे. हे सांगितल्याशिवाय मोरीचा उपदेश करणे मला खोटे वाटते.

तरी मोरीकडे येऊ. घरटी रोज दीड-दोनशे लिटर पाणी मोरीतून बाहेर पडते. ते रस्त्यावर आले की चिखल, डास आणि भावकीत भांडण. पूर्वी मोरीच्या तोंडाशी आळू, कर्दळ आणि केळ असायचीच. आपल्या आज्यांना कोणी व्याख्यान दिलेले नव्हते. जागा असेल तर तेच करा: पाच-सहा केळी, एक पपई, आळूचा वाफा. भांड्याला राख किंवा साधा साबण वापरला तर झाडांना बाधत नाही. जागा नसेल तर शोषखड्डा. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खणा. तळाला मोठे दगड, वर लहान दगड आणि खडी भरा, मधे भोके पाडलेली टाकी बसवून तिच्यात मोरीचा पाइप सोडा. नांदेड जिल्ह्यात गावेच्या गावे असे खड्डे खणून गटारमुक्त झाली आणि त्यांचे डास कमी झाले. मात्र दौंडच्या कालव्याखालच्या चिकण काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही, तिथे खड्ड्यापेक्षा केळीच बऱ्या. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा लांब ठेवा.

चौफुल्याला कलाकेंद्रांचे फलक दिसतील. ते सोडून केडगाव, खुटबावच्या बाजूला वळलात तर गुऱ्हाळांचा वास लागतो. कढईवर उकळणाऱ्या रसाच्या वासासारखा दुसरा वास नाही. पण काही गुऱ्हाळांवर त्या वासात जळक्या रबराचा दर्पही मिसळलेला असतो. चिपाड पुरत नाही म्हणून टाकाऊ प्लॅस्टिक, जुन्या चपला, टायर भट्टीत घालतात, अशी तक्रार या भागात पुष्कळदा झाली आहे. भट्टी नीट बांधलेली असेल, चिपाड चांगले वाळलेले असेल, तर रसाचे चिपाड त्याच रसाला पुरते. बाहेरचे जळण लागते ते भट्टीच्या दोषामुळे. गुऱ्हाळवाल्याला नावे ठेवण्याआधी मात्र आपल्या घरच्या बंबाकडे बघा. सकाळी अंघोळीचे पाणी तापवायला त्यात काय काय जाते? दुधाच्या पिशव्या, खताच्या गोणीचे तुकडे, ठिबकच्या तुटक्या नळ्या. प्लॅस्टिक जळताना जो धूर निघतो, तो सर्वांत आधी बंबाशी बसलेल्या बाईच्या आणि शेजारी पाठीवर दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या छातीत जातो. घरातल्या धुराने जगभरात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बहुतेक धूर साध्या लाकडाचा, गोवरीचा होता.

उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून गावोगाव गॅस पोचला, हे चांगलेच झाले. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात, म्हणून चहाला गॅस आणि भाकरीला चूल असे बऱ्याच घरांत चालते. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांना मी विचारतो, शेण कुठे जाते? रोज पन्नास किलो शेण म्हणजे दोन घनमीटर गोबरगॅस. महिन्याचा हिशेब केला तर तो पावणेदोन सिलिंडरच्या बरोबरीचा होतो. शिवाय शेण संपत नाही! गॅस निघून गेल्यावर जी मळी उरते तिच्यात खताचा सारा कस असतो, आणि उकिरड्यात उन्हाने जो नत्र उडून जातो तो इथे राहतो. देहूचे डॉ. मापुसकर यांनी तर शौचालय गोबरगॅसला जोडून कितीतरी कुटुंबांची शिसारी घालवली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गोबरगॅस बंद का पडतो, तेही सांगतो. शेण आणि पाणी समान घालायचे, ते आळसाने कमी-जास्त होते. शेणात माती, पाचट जाते आणि नळी तुंबते. किंवा जनावरे विकली जातात. पाटसजवळच्या एका वस्तीवर मी हेच समजावीत होतो, तेव्हा चुलीपुढच्या आजी म्हणाल्या, “साहेब, शेण कालवायला कुणाला सांगणार? पुन्हा आम्हालाच ना?” घरातल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मी म्हणालो, “आजी, ते काम तुमच्या नातवाला लावून द्या, गॅसवरचा पहिला चहा त्याला.” तेव्हा सगळे हसले. पण आजींचा प्रश्न खरा होता. संयंत्र बांधण्याआधी घरात एकदा बसून ठरवा, कालवणार कोण.

उसाचा हंगाम चालू असेल तर परतताना संध्याकाळी कालव्याकाठी ठिकठिकाणी पाचट पेटलेले दिसेल. वाळत घातलेल्या धोतरावर काळी राख येऊन पडते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट असते. ते सरीत दाबून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकले की खोडव्याला त्याचे खत होते, ओल टिकते आणि एखादी पाळी वाचते. फलटण आणि पुण्यात काम करणाऱ्या आरती संस्थेने तर पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी तिला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पेटवणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, मजूर मिळत नाहीत, उंदीर होतात. मजुरांचे म्हणणे मला पटते. म्हणून पाचट कुट्टी करणारे यंत्र चार शेजाऱ्यांनी मिळून भाड्याने आणावे, असे मी सुचवतो. एका दिवसात चौघांचीही रिकामी राने उरकतात, फक्त आदल्या दिवशी ठरवून घ्यावे लागते कोणाच्या रानापासून सुरुवात करायची.