कुरुमानचे घर

दक्षिण आफ्रिकेत कलहारीच्या वाळवंटाच्या दक्षिण सीमेवर कुरुमान नावाचे एक गाव आहे. सभोवार तांबूस माती, खुरटी काटेरी झुडपे आणि वर्षातील बरेच महिने कोरडे ठणठणीत आकाश. अशा त्या रुक्ष मुलखात खडकाच्या पोटातून एक झरा उसळतो. दुष्काळातही तो आटत नाही. त्यातून दररोज सुमारे २ कोटी लिटर पाणी बाहेर पडते. या झऱ्याला ‘कुरुमानचा डोळा’ असे म्हणतात. त्याच्या पाण्याने जी नदी वाहू लागते, तिच्या काठी इ. स. १८२४ च्या सुमारास एका परदेशी कुटुंबाने आपले घर थाटले आणि पुढे सेहेचाळीस वर्षे तेथेच संसार केला. ते कुटुंब म्हणजे रॉबर्ट आणि मेरी मॉफट या मिशनरी दांपत्याचे.

रॉबर्ट मॉफट हे मूळचे स्कॉटलंडचे. त्यांचा जन्म १७९५ चा. धंद्याने ते माळी होते. इंग्लंडमधील डकिनफील्ड येथे एका रोपवाटिकेत काम करीत असताना त्या बागेच्या मालकाच्या एकुलत्या एक मुलीशी, मेरी स्मिथशी, त्यांचा परिचय झाला. दोघांचे विचार जुळले. परंतु लंडन मिशनरी सोसायटीने रॉबर्टची नेमणूक आफ्रिकेत केली, तेव्हा मुलीला इतक्या दूर धाडावयास आईबापांचे मन धजेना. रॉबर्ट एकटेच निघाले आणि १८१७ च्या जानेवारीत केपटाऊनला उतरले. पुढे आईबापांचे मन वळले. मेरी एकटीच समुद्रप्रवास करून आली आणि २७ डिसेंबर १८१९ रोजी केपटाऊन येथे दोघांचा विवाह झाला. डिसेंबर म्हणजे इंग्लंडात हिमवर्षावाचे दिवस; केपटाऊनला मात्र तो ऐन उन्हाळा! नव्या नवरीचा नव्या देशाशी परिचय असा ऋतूंच्या उलथापालथीनेच झाला.

मधल्या तीन वर्षांत रॉबर्टनी एकट्याने संसार कसा हाकला असेल, याची कल्पना त्यांनीच लिहून ठेवलेल्या एका गमतीवरून येते. लहानपणी त्यांच्या आईने त्यांना विणायला आणि शिवायला शिकविले होते. मुलाच्या जातीला हे कशाला, असे त्या वेळी त्यांना वाटे. परगावी एकट्याने राहण्याची पाळी आल्यावर आईचे शहाणपण पटले. सदऱ्याची नीट घडी घालून ती लाकडाने बडविली, की इस्त्रीसारखा गुळगुळीतपणा येतो, हेही तिनेच दाखविले होते. एकदा रविवारच्या उपासनेसाठी चांगला सदरा हवा म्हणून रॉबर्टनी घडी केलेला सदरा एका कठीण दगडावर ठेवला आणि जोरजोराने बडविला. उघडून पाहतात तो काय, सदऱ्याची चाळण झालेली! काही भोके तर बोटाच्या टोकाएवढी होती.

मेरीबाई आल्यावर घराला घरपण आले. पण ते सहजासहजी नव्हे. केपटाऊनहून त्या भागापर्यंत सुमारे ६०० मैल बैलगाडीचा प्रवास. जमीन मातीची, धूळ पायाला चिकटणारी, त्यात पिसवांचा सुळसुळाट. तेथील एका मिशनरी भगिनीच्या घरी आठवड्यातून एकदा जमीन शेणाने सारवीत असत. ते प्रथम पाहिले तेव्हा मेरीबाईंनी मनाशी ठरविले, की असला गलिच्छ प्रकार आपण होता होईतो करावयाचा नाही. आपल्याला याचे हसू येईल. कारण शेणाने सारविलेल्या जमिनीवरच आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. परंतु फरशी घासून लख्ख करणाऱ्या घरातून आलेल्या मुलीला ते कसे रुचावे? तथापि हा निश्चय फार दिवस टिकला नाही. थोड्याच दिवसांत त्या घरच्यांना लिहू लागल्या, की सारविण्याचा शनिवार कधी येतो असे होऊन जाते. धूळ बसते, पिसवा मरतात, आणि वर तो हिरवट रंग किती छान दिसतो! माहेरच्या चकचकीत खोल्या पाहून होई तेवढेच समाधान आता शेणाने सारविलेली जमीन पाहून होते, हेही त्यांनी मोकळेपणाने कळविले. परक्या देशाशी या बाईचे सख्य प्रथम जडले, ते असे शेणामातीतून.

ज्या त्स्वाना लोकांमध्ये हे कुटुंब राहावयास गेले, त्यांच्याशी सख्य जडावयास मात्र पुष्कळ काळ लागला. त्यांच्या दृष्टीने ही माणसे म्हणजे न बोलावता आलेले पाहुणे. गावच्या बायका स्वयंपाकघरात येऊन खुशाल बसत. अंगाला तांबडी माती आणि चरबी चोपडण्याची त्यांची चाल. त्यामुळे त्या बसून गेल्या, की भांडीकुंडी, भिंती सारे तांबडे होऊन जाई. एकदा मेरीबाईंनी उपासनेला जाताना एका बाईला बाहेर जाण्याची विनंती केली, तेव्हा तिने जळाऊ लाकूडच उगारले. मेरीबाई निमूटपणे घर तिच्या स्वाधीन करून निघून गेल्या. चुलीवर मांस शिजत ठेवून उपासनेला जावे, तर परत आल्यावर भांड्यात मांसाऐवजी दगड सापडत!

पाण्यावरून तर रोजचाच तंटा. बागेसाठी मिशनच्या माणसांनी नदीचे पाणी लांबलचक पाट खणून आणले होते. वरच्या बाजूच्या बायका तो पाट फोडून पाणी आपल्या शेताकडे वळवीत. मग भर उन्हात खांदे-फावडी घेऊन तो पुन्हा बांधावयास जावे लागे. एकदा रागाच्या भरात त्या बायकांनी बांधच उद्ध्वस्त केला. यात त्यांचाच सगळा दोष होता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पाणी त्यांच्या देशाचे होते आणि ते अडवून नेणारे परके होते.

याच काळात मोठा दुष्काळ पडला. पाऊस पाडण्याचा दावा करणाऱ्या मांत्रिकाने परक्यांच्या घंटेवर खापर फोडले. तिच्या आवाजाने ढग पळतात, असे तो सांगू लागला. एके दिवशी प्रमुख आणि त्याचे सोबती मॉफटांच्या दारी आले. प्रमुखाच्या हाती भाला होता. येथून निघून जा, नाही तर परिणाम बरा होणार नाही, असे त्याने बजाविले. दारात मेरीबाई तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. रॉबर्टनी छातीवरचे कपडे दूर केले आणि ते शांतपणे म्हणाले, की हवे तर भाला चालवा; पण आम्ही जाणार नाही. तो प्रमुख आपल्या सोबत्यांकडे वळला. ज्यांना मरणाची इतकी बेपर्वाई, त्यांना दहा जीव असले पाहिजेत, अशा आशयाचे काहीसे बोलून तो निघून गेला. त्या क्षणी दारातल्या आईला काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेविलेले नाही.

अशा घरात सण तरी कोणते? मॉफटांच्या परंपरेत नाताळापेक्षा रविवारलाच अधिक मान. त्यामुळे त्यांचे आनंदाचे दिवस पंचांगातून आले नाहीत. ते वाट पाहून मिळाले. एका इंग्लंडवासी मैत्रिणीने मेरीबाईंना पत्राने विचारले होते, की तुमच्यासाठी काय पाठवू? तेव्हा कुरुमानला एकही माणूस ख्रिस्ती झालेला नव्हता. कापड मागावे, भांडी मागावी, तर या बाईंनी मागितले प्रभुभोजनाच्या विधीत लागणारे पेले आणि ताटल्या! आज नसले तरी पुढे कधी तरी ते लागतीलच, असे त्यांनी लिहिले. काळ लोटला. १८२९ च्या जुलै महिन्यात पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा ठरला. आणि त्या रविवारच्या अगदी तोंडावर केपकडून एक पेटी येऊन थडकली. उघडली, तर आत तेच पेले आणि त्याच ताटल्या! कुरुमानच्या घरातला हा पहिला मोठा सण.

यानंतर दिवस पालटले. बायका शिवण शिकावयास येऊ लागल्या. १८३१ मध्ये छापखाना आला. पांढरा कागद आत जातो आणि क्षणात अक्षरांनी भरून बाहेर येतो, हे पाहून लोक चकित झाले. रॉबर्टनी सेत्स्वाना भाषा त्याच लोकांच्या तोंडून शिकून घेतली होती. तीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले आणि १८५७ साली संपूर्ण बायबल कुरुमानलाच छापून झाले. एकदा प्रवासात एका गावच्या तरुण मंडळींनी मुळाक्षरे शिकविण्याचा हट्ट धरला. रॉबर्टनी स्कॉटलंडच्या ‘ऑल्ड लँग साइन’ या गीताच्या चालीवर अक्षरे म्हणून दाखविली. झाले! ती चाल साऱ्या गावाने उचलली. रॉबर्ट थकून झोपावयास गेले, तरी उत्तररात्रीपर्यंत अक्षरांचे गाणे चालूच होते. पुढे दगडी उपासनामंदिर उभे राहिले. त्याच्या छपराचे वासे सुमारे २०० मैलांवरून बैलगाड्यांनी आणावे लागले. १८३८ च्या नोव्हेंबरात ते उघडले. आजही ते तेथे उभे आहे.

मॉफटांची मुले या साऱ्यांत वाढली. थोरली मुलगी मेरी १८२१ मध्ये आफ्रिकेतच जन्मली. सेत्स्वाना भाषा तिच्या कानी पाळण्यापासून पडली. परंतु शाळेचे वय झाले, तेव्हा १८३० च्या सुमारास तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला दूर केप वसाहतीतील सेलम गावी ठेवावे लागले. मिशनरी घरांतील हे एक मुकाट दुःख होते. दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरे शिकविणाऱ्या आईला आपली मुले मात्र शिकण्यासाठी दृष्टीआड करावी लागत.

धाकट्या मेरीचा विवाह १८४५ च्या जानेवारीत कुरुमानला झाला. वर होता डेव्हिड लिव्हिंग्स्टन, पुढे प्रसिद्धीस आलेला संशोधक. सिंहाच्या हल्ल्यात जखमी झालेला त्याचा हात बरा होत असताना बागेतल्या बदामाच्या झाडाखाली त्याने तिला मागणी घातली होती. १८४७ पासून त्यांचे बिऱ्हाड कोलोबेंग येथे होते. सकाळी लवकर उठून प्रार्थना आणि न्याहारी. मग अकरापर्यंत शाळा. दुपारी ती शंभरेक लहान मुलांना शिकवी, नाही तर बायकांना शिवण. उरल्या वेळात तो लोहारकाम, सुतारकाम करी. ती मेणबत्त्या ओती, बरणीत लोणी काढी. मोठ्या वारुळाला भोक पाडून त्यात पाव भाजता येई. साबण मात्र फार सतावी. राखेचे पाणी चरबीबरोबर महिना-दीड महिना उकळावे, तेव्हा कोठे तो तयार होई! पाऊस नसला, की मुलांना टोळ खावे लागत. तेथे एक भला मोठा बेडूक मिळे. शिजविल्यावर तो कोंबडीसारखा दिसे आणि मुले तो मिटक्या मारीत खात.

परंतु डेव्हिडचे मन घरात रमणारे नव्हते. नव्या प्रदेशाच्या शोधात तो बायकामुलांनाही वाळवंटापार नेऊ लागला. १८५० च्या प्रवासानंतर जन्मलेली मुलगी सहा आठवड्यांतच दगावली. पुढच्या वर्षी तो पुन्हा सर्वांना घेऊन निघाला, तेव्हा मेरी गरोदर होती. हे कळताच कुरुमानच्या मेरीबाईंनी जावयाला खरमरीत पत्र लिहिले. एक लेकरू गेले, उरलेली कशीबशी वाचली; एवढ्याने तुझे समाधान झाले नाही काय, असे त्यांनी विचारले. पत्राचा उपयोग झाला नाही. वाटेत पाणी संपले आणि मुले तहानेने तळमळू लागली. पाणी घेऊन माणसे परतली ती पाचव्या दिवशी दुपारी. मेरी या अवधीत नवऱ्याला टाकून एक शब्दही बोलली नाही. फक्त तिचे डोळे भरून आले होते, असे डेव्हिडनेच पुढे लिहिले आहे. मोठ्या संशोधकाच्या कीर्तीत या अश्रूंचाही हिशेब धरावयास हवा.

२३ एप्रिल १८५२ रोजी मेरी चार मुलांना घेऊन केपटाऊनहून ब्रिटनला निघाली. ज्याला इतरांनी तिचा ‘स्वदेश’ म्हणावे, तेथे तिची जवळजवळ साडेचार वर्षे पैशाच्या ओढाताणीत आणि एकाकीपणात गेली. तिचे घर कुरुमान होते. ते मागे राहिले. पुढे ती नवऱ्याच्या शोधमोहिमेसाठी पुन्हा आफ्रिकेत आली आणि २७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझी नदीच्या काठी शुपांगा येथे तापाने वारली. त्याच वर्षी मॉफटांचा मुलगा रॉबर्टही गेला.

१८७० च्या मार्च महिन्यात वृद्ध मॉफट पतिपत्नी कुरुमान सोडून निघाली. निरोप द्यावयास लोक दाटीवाटीने जमले होते. ज्यांनी एके काळी पाट फोडले, त्यांचीच मुले-नातवंडे गाडीमागून रडत चालली. इंग्लंडला पोहोचल्यावर मेरीबाई पहिल्याच हिवाळ्यात, १८७१ च्या जानेवारीत, निवर्तल्या. रॉबर्ट १८८३ पर्यंत जगले. कुरुमानच्या मिशनचे काम त्यांचा मुलगा जॉन पाहत होता. आणि नदीचे पाणी त्याच पाटाने बागेत येत होते.