कंस, जीवा आणि ‘डिव्हाइड’

फर्स्ट इयरला शीटवर लंबवर्तुळ काढताना सगळ्यांचीच मान मोडलेली असते. त्यामुळे ऑटोकॅड हाती आलं की स्वर्ग दोन बोटं उरतो! ‘डिव्हाइड’ टाइप करा, वक्रावर क्लिक करा, 12 म्हणा... झाले समान भाग. पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कारण वक्र कापला जातच नाही. त्यावर नुसते बिंदू पडतात आणि तेही रेषेत लपतात. ‘पीडीमोड’ 3 केला की फुल्या दिसतात.

त्या फुल्या रूममेटला दाखवल्या. ती मराठी शाळेतली, मी कॉन्व्हेंटची. ती म्हणाली, “समान काय गं? कंस, जीवा की कोन?”

माझ्या लेखी कंस म्हणजे कृष्णाचा मामा! मग तिने वहीत काढून दाखवलं : कंस म्हणजे आर्क, जीवा म्हणजे कॉर्ड.

खरी गोम तिच्या प्रश्नातच आहे. वर्तुळात तिन्ही एकदमच समान होतात, लंबवर्तुळात नाही. 200 बाय 100 मिमीचं लंबवर्तुळ घ्या. शीटवरच्या दोन वर्तुळांच्या पद्धतीने 30-30 अंशांवर बिंदू काढले, तर लांब अक्षाच्या टोकाशी लगतच्या बिंदूंत सरळ अंतर येतं सुमारे 28 मिमी आणि मध्यावर 50! आकार काढायला ही पद्धत उत्तम. पण त्याच बिंदूंवर झाकणाच्या बोल्टची भोकं पाडली, तर मध्यावर गास्केट कमी दाबलं जाईल आणि गळती तिथूनच सुरू होईल. ‘डिव्हाइड’ कंसाची लांबी समान ठेवतो, म्हणून इथे तोच हवा.

आणि ही जीवा काही आजची नाही. आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास पाव वर्तुळाचे 24 समान कंस धरून अर्धजीवा दर कंसाला किती वाढते ते दिलं : 225, 224, 222... आणि शेवटी फक्त 7. कंस समान, वाढ असमान! तीच ज्या अरबी, लॅटिन असा प्रवास करत आपल्याकडे ‘साइन’ होऊन परत आली.

हे सगळं जिला शाळेपासून पाठ, ती व्हायव्हात मात्र इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसते. मार्क आम्ही फाडफाड बोलणारे नेतो. प्रश्न सगळ्यांना समान असतात म्हणे. पण समान काय गं?

मित्रमैत्रिणींनो, लॅबमध्ये शेजारचं कुणी असं गप्प बसलं असेल, तर एकदा मराठीत विचारून बघा. फायदा आपलाच आहे.